मामांनी फक्त चौकशी केली

हिजलतला,
१८ जुलै

चि. टुकूस जोबेदाबुबूचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं नाव रेडिओवर आलं तेव्हा मी अंगणात सुपाऱ्या निवडत होते. सोहराब शिकवणं टाकून शाळेतून धावतच घरी आला आणि म्हणाला, आई, आता देश मामांच्या हातात आहे. मी विचारलं, किती दिवस? तर म्हणे नव्वद, निवडणूक होऊन नवं सरकार येईपर्यंत. मग मी पुन्हा सूप पुढे ओढलं. नव्वद दिवसांत आमची म्हैससुद्धा आटत नाही. पण खरं सांगते, लेक परत शाळेत गेल्यावर पदर डोळ्यांना लावला. अब्बा आज हवे होते.

दोन्ही पक्षांना एकमेकांच्या हातचं पाणी चालत नाही, म्हणून मतदानापुरता एक निवृत्त सरन्यायाधीश शोधून मुख्य सल्लागार म्हणून खुर्चीवर बसवायचा, ही आपल्याकडची रीत. लग्नात दोन्हीकडची मंडळी हातघाईवर आली की कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला उचलून मध्ये बसवतात, तसंच हे. त्या म्हाताऱ्याच्या जागी तू अगदी शोभतोस. पटुआखालीला मुन्सफ होतास तेव्हा कुणा पक्षकाराने हिल्साची जोडी पाठवली, ती तू त्याच होडीने परत केलीस. मासे वाटेत कुजले आणि घाटावर पावसाळाभर लोक तुझ्या नावाने नाक दाबत होते. जिल्हा न्यायाधीश झालास, मग फाशी सुनवायच्या दिवशी रोजा धरायला लागलास. लष्कराच्या राजवटीत तुला हायकोर्टातून उचलून लांब फेकलं, तरी निकाल फिरवला नाहीस. सोहराबचे अब्बा असताना म्हणायचे, तुझ्या भावाकडे चहा हवा असला तरी अर्ज करावा लागतो. ते असते तर आज गावभर गूळ वाटला असता आणि वर तुझी नक्कलही केली असती.

आता कामाचं लिहिते. खलील माझीचं नाव तुला ठाऊक आहे. घाट, लाँच आणि नदीतून नव्याने वर आलेली जमीन, तिन्ही त्याच्या मुठीत. तो कंदील निशाणीवाल्यांचा. छत्रीवाल्यांकडेही कोयतेवाली माणसं काही कमी नाहीत. गेल्या निवडणुकीत यांनी त्यांच्या आणि त्यांनी यांच्या माणसांच्या पायांच्या शिरा तोडल्या. त्यातला फजलू नावाडी अजून बाजारात हातांवर सरकत भीक मागतो. यंदा अजून रक्त सांडलेलं नाही, ते केवळ ठाण्यावरच्या वदूद दारोगामुळे. तो माणूस आज खलीलच्या अंगणात जाऊन बसतो, उद्या छत्रीवाल्यांच्या. चहा कुणाचाच घेत नाही, आणि समोरच्या एकेकाला नाव घेऊन विचारतो की बाबा रे, तुझा कोयता आज कुठे आहे. लोक त्याला भितात आणि रात्री सुखाने झोपतात.

सोहराब म्हणतो, ढाक्याहून बदल्यांची मोठी यादी निघणार. माझी एवढीच विनंती की वदूदला मतदानापर्यंत हलवू नकोस. तो कुमिल्ल्याचा, माझा ना नात्याचा ना गोत्याचा. आजवर तुझ्याकडे मी काही मागितलेलं नाही, हे तुला माहीत आहेच.

रोशनाराला आशीर्वाद सांग. तिला म्हणावं, त्याची औषधं सरकारच्या हाती देऊ नकोस, स्वतःच्या हाताने दे. लोभ कमी करायचा म्हटला तरी या वयात जमणार नाही.

तुझी
बुबू

*

ढाका,
२ ऑगस्ट

आदरणीय बुबूस, टुकूचा पायांना हात लावून सलाम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सरकारी टपालाच्या ढिगात ते एकच पत्र असं होतं की ज्यात मला कोणी महामहिम म्हटलेलं नव्हतं. रोशनाराने ते दोनदा वाचलं आणि हिल्साची गोष्ट नव्या सचिवांना सांगितलीसुद्धा. माझी प्रकृती ठीक आहे. झोप मात्र सरकारजमा झाली.

इथे रोज दोन्हीकडचे पुढारी येतात. एक म्हणतो पोलीस त्यांचे, दुसरा म्हणतो जिल्हाधिकारी यांचे. मी दोघांचंही ऐकून घेतो, लिहून घेतो, आणि दोघंही जाताना म्हणतात की तुम्ही त्यांचेच. चाळीस वर्षं न्यायासनावर काढली, पण तिथे निदान हरलेला माणूस निकालानंतर शिव्या द्यायचा. इथे आधीच देतात. परवा बंद पुकारला होता, त्यात एका बसवर पेट्रोल टाकून ती पेटवली. आत एक बाई आणि तिची दोन मुलं होती. मी इस्पितळात गेलो. मोठी मुलगी जिवंत होती, पण तिला हात लावायला कुठे जागा उरली नव्हती. परत आल्यावर जेवण गेलं नाही. त्या रात्री मी ठरवलं की मतदानाच्या दिवशी या देशात कोणालाही असं म्हणता येऊ नये, की अमका माणूस अमक्याच्या वशिल्याने अमक्या जागी बसला होता.

म्हणून बदल्यांची यादी मी स्वतः पाहिली. वदूदचं नाव तीत नव्हतं. ठाण्यावर येऊन त्याला वर्षही झालेलं नाही, तेव्हा नियमाने तो राहिलाच असता. पण तुझं पत्र आलं आणि प्रश्न उभा राहिला. मुख्य सल्लागाराच्या बहिणीच्या गावचा दारोगा तेवढा का वाचला, असं उद्या कोणी विचारलं तर मी काय सांगू? बहिणीला तो आवडतो, म्हणून? ज्याची शिफारस माझ्या घरातून येते त्याला मी तिथे ठेवू शकत नाही. तेव्हा त्याचं नाव मी माझ्या हाताने यादीत घातलं. तो रंगपूरकडे जाईल. चांगला असेल तर तिथेही चांगलाच राहील.

रागावशील हे ठाऊक आहे. पण हिल्साची जोडी परत करणारा भाऊ तुला आवडत होता, तर हाही तोच आहे. नवा दारोगा येतो आहे. त्याला कोणीच ओळखत नाही, आणि आजच्या दिवसांत तीच मोठी पात्रता.

सोहराबास आशीर्वाद. राग ओसरला की दोन ओळी लिही, तोवर धीर धरतो.

तुझा
टुकू

*

हिजलतला,
२१ ऑगस्ट

चि. टुकूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

चोर सोडून संन्याशाला सुळी, असं लहानपणी ऐकलं होतं. ते आपल्याच घरात घडेल असं वाटलं नव्हतं. आणि तू ते मला कौतुकाने लिहून कळवलंस. मी पत्र लिहिलं नसतं तर तो माणूस इथे राहिला असता, हे मला सांगायची काय गरज होती? आता मी रोज तेच घेऊन बसते.

वदूद गेला त्या दिवशी घाटावर बायका रडल्या. तो मला भेटायला आला होता. कोणाची चुगली लागली म्हणून त्याने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. नवा दारोगा उत्तरेकडचा. त्याला होडीत बसलं की ओकाऱ्या होतात, त्यामुळे तो पाण्यापलीकडे जात नाही. खलीलने पहिल्याच आठवड्यात त्याला म्हशीचं दही आणि कोंबड्या पाठवल्या. त्याने त्या परत केल्या नाहीत.

पुढचं ऐक. शुक्रवारच्या बाजारात छत्रीवाल्यांनी कंदिलाचं कार्यालय पेटवलं. आत झोपलेला चहावाला भाजला. संध्याकाळी खलीलची माणसं तीन ट्रॉलर भरून उतरली आणि पश्चिमेकडच्या छत्रीवाल्यांच्या पाड्यात घुसली. त्यांच्याजवळ कोयते होते, मासे मारायचे काटेरी भाले होते. जमीर अलीच्या गोठ्याला बाहेरून कडी घालून आग लावली. जनावरांचं ओरडणं इथवर ऐकू येत होतं. जमीर अलीचा भाऊ गाई सोडायला धावला, तर त्याच्या पोटात भाला घातला आणि काटे उलटे असतात म्हणून तो निघेना, तेव्हा पाय देऊन ओढला. हे मला सोहराबने सांगितलं नाही, त्या भावाच्या बायकोने सांगितलं. ती आमच्या ओसरीवर रात्रभर बसून होती. ठाण्याने लिहून घेतलं की चुलीची ठिणगी उडाली.

आता माझं ऐक, टुकू. काल यादी लागली. हिजलतल्याच्या शाळेत जे मतदान केंद्र आहे, त्याचा अध्यक्ष म्हणून सोहराबचं नाव आहे. मतपत्रिका त्याच्या ताब्यात, पेट्या त्याच्या ताब्यात, आणि रक्षणाला काठीवाले सहा आन्सार. खलीलने बाजारात उघड सांगितलं आहे की दुपारनंतर मतपत्रिकांवर शिक्के त्याची माणसं मारतील, आणि जो मास्तर आडवा येईल त्याची आई दोन तुकडे वेचायला येईल. सोहराब हसतो. त्याच्या शाळेतला गणिताचा मास्तर मोतालेब, त्याचा जिवलग, तोही हसतो. म्हणतो, चाची, याच्याऐवजी मला बसवा, मला मोजायची सवय आहे. पोरं मरणाची थट्टा करतात कारण त्यांनी ते जवळून पाहिलेलं नाही.

वदूदसाठी मागितलं ते गावासाठी होतं. हे मी स्वतःसाठी मागते आहे. मला एकच लेक आहे. त्याचं नाव काढ. तुला पाप लागत असेल तर ते माझ्या नावावर लिही. पायाशी येऊन मागायला हवं होतं, पण लाँच खलीलची आहे.

तुझी
बुबू

*

ढाका,
९ सप्टेंबर

आदरणीय बुबूस, सलाम. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊन फिरलो. उत्तर लिहायला बसलो की कोणी ना कोणी यायचं, आणि मला बरं वाटायचं.

सगळ्या देशातून अशी पत्रं येत आहेत. आया लिहितात, बायका लिहितात. माझा मुलगा हृदयाचा रोगी आहे, माझा नवरा आंधळा आहे, त्याला केंद्रावर पाठवू नका. मी आदेश काढला आहे की मतदानाच्या कामातून कोणत्याही शिक्षकाला सूट मिळणार नाही. तो आदेश माझ्या सहीचा आहे. त्या सहीखाली माझ्या भाच्याचं नाव कसं खोडू? त्या आयांना आपण काय सांगायचं? असं तुला लिहायचं मी ठरवलं होतं, आणि ते लिहिलं आहे.

पण परवा तुमच्या जिल्हाधिकाऱ्याचा दूरध्वनी दुसऱ्याच कामासाठी आला होता. बोलणं संपता संपता मी विचारलं की तुमच्या यादीत हिजलतल्याला सोहराब हुसेन नावाचे कोणी शिक्षक आहेत का. तो म्हणाला, आहेत. मी म्हटलं, बरं. एवढंच. मी काही सांगितलं नाही, काही सुचवलं नाही. फक्त चौकशी केली. काल त्याचा निरोप आला की काही प्रशासकीय कारणाने सोहराबला जिल्ह्याच्या सदरच्या गावी कन्याशाळेच्या केंद्रावर नेमलं आहे.

मी त्याला कारण विचारलं नाही. तूही विचारू नकोस. सोहराबला कळवायची गरज नाही. सदरच्या गावी रायफलवाले आहेत, पक्की इमारत आहे. आता नीट जेव आणि झोप. आज मलाही, पुष्कळ दिवसांनी, झोप लागेल असं वाटतं.

रोशनारा सलाम सांगते. आपली माया आहे तशी राहू दे.

तुझा
टुकू

*

हिजलतला,
५ ऑक्टोबर

आदरणीय मामांस, सोहराबचा सलाम. वि. वि.

हे पत्र आईला न दाखवता लिहीत होतो, मग दाखवलं. तिने वाचून परत दिलं आणि म्हणाली, पाठव.

तुमचं मतदान फार छान झालं. परदेशी पाहुणे तसं म्हणाले, रेडिओ तसं म्हणाला. सदरच्या गावी मी पंख्याखाली बसून मतं मोजली. आन्सार पानं खात होते. इथे हिजलतल्याला माझ्या जागी मोतालेबला बसवलं होतं. त्याचं नाव राखीव यादीत पहिलं होतं.

दुपारी ट्रॉलर लागले. नवा दारोगा जेवायला गेला होता. गावठी बॉम्ब फुटले तशी रांग फुटली. बायका तळ्यात उड्या मारून पळाल्या, आन्सारांनी काठ्या टाकल्या आणि सुपारीच्या बागेत शिरले. मोतालेबने पेट्या आणि उरलेल्या मतपत्रिका सातवीच्या वर्गात घेतल्या, आतून कुलूप लावलं आणि किल्ली खिडकीतून तळ्यात फेकली. त्यांनी बाहेरून सांगितलं की नुसत्या कोऱ्या मतपत्रिका दे, तुला हात लावत नाही. तो आतून म्हणाला की ज्याचा शिक्का त्याला मारू द्या, मी संध्याकाळी मोजून देतो. हे मला शिपायाने सांगितलं. तो फळ्यामागे लपला होता.

त्यांनी खिडकीचे गज उपटले. मोतालेब पेटीवर पालथा पडला होता आणि पेटी सोडत नव्हता. त्यांनी आधी बोटांवर मारलं. मग मनगटांवर. मग पाठीत भाला घालून त्याला पेटीसकट व्हरांड्यात ओढला, सगळ्यांना दिसावा म्हणून. पेट्या तळ्यात टाकल्या. त्याचा उजवा हात पायरीवर राहिला होता, तो त्याच्या आईने, गुलबानूचाचीने, उचलून ओढणीत घेतला आणि लाँचवर त्याच्या शेजारी बसली. लाँच नदीच्या मध्यावर असताना तो गेला. शेवटपर्यंत शुद्धीवर होता म्हणतात.

मामा, जनाज्याच्या नमाजाआधी जवळच्या माणसाने उभं राहून विचारायचं असतं की या माणसाकडे कोणाचं काही देणं असेल तर मला सांगा, मी फेडीन. मोतालेबला वडील नाहीत, भाऊ नाही. मला उभं केलं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की याच्याकडे कोणाचं काही नाही. माझ्याकडेच याचं आहे. तिथे मी बसायचा होतो. माझ्या मामांनी दूरध्वनीवर माझी चौकशी केली, म्हणून याला बसवलं. तुमचं पत्र मी त्याआधी आईच्या उशीखालून काढून वाचलं होतं. चाची पुढच्याच अंगणात होती. तिने ऐकलं.

केंद्र रद्द झालं आहे आणि इथे फेरमतदान व्हायचं आहे. मतदारसंघाचा निकाल या एका केंद्रावर अडला आहे. अध्यक्ष व्हायला जिल्ह्यात कोणी तयार नाही. मी लेखी तयारी दिली आहे. आई तुम्हांला लिहील की मला थांबवा. थांबवू नका. मागायचं तर एकच मागतो, वदूद दारोगाला परत पाठवा. आणि मेहेरबानी करून माझी चौकशी करू नका.

मामीला सलाम. तुमच्यावर राग आहे, पण तुमचा हात डोक्यावर नको असंही म्हणवत नाही.

तुमचा
सोहराब

*

ढाका,
९ ऑक्टोबर

चि. सोहराबास अनेक आशीर्वाद. वि. वि.

जनाज्यात तू जे बोललास ते इथल्या वर्तमानपत्रांनी छापलं. पहिल्या पानावर माझा फोटो आहे आणि खाली तुझं वाक्य. दोन्ही पक्षांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं. मी राष्ट्रपतींकडे राजीनामा घेऊन गेलो. ते म्हणाले, फेरमतदान कोणाच्या नावाने घ्यायचं मग? चालत आलात तसे चालत शेवटापर्यंत जा. मी कागद परत घेऊन आलो.

तुझ्या आईचं पत्रही आलं. चारच ओळींचं आहे. तिने लिहिलं आहे की मोतालेबसाठी ती रोज रडते आणि तरीही तुला थांबव. माझ्या बहिणीने आयुष्यात एवढं खरं कधी लिहिलं नव्हतं. तुला थांबवायला माझा एक शब्द पुरेल. इतका सोपा की मी खोकलो तरी तिकडे कोणीतरी अर्थ काढेल. म्हणून मी त्या जिल्ह्याचा दूरध्वनीच घेत नाही. तू जा.

वदूदला परत पाठवण्याचा आदेश आज निघाला. त्यावर मी स्वतः टिपण लिहिलं आहे की ही मागणी माझ्या बहिणीच्या घरातून आली आणि ती योग्य आहे. सचिव म्हणाले, साहेब, पहिलं वाक्य नको. मी ते राहू दिलं. तुझ्यासोबत या खेपेला रायफलवाले असतील आणि मॅजिस्ट्रेट असेल. हे तिथे सप्टेंबरातही देता आलं असतं.

मी माणसांना फाशी दिली आहे, बेटा. त्या प्रत्येकाचं नाव मला पाठ आहे, कारण तिथे निकाल माझा होता आणि तो मी मोठ्याने वाचला होता. मोतालेबला मी काहीच वाचून दाखवलं नाही. मला तो दिसायला कसा होता तेही माहीत नाही. एखादा फोटो असेल तर पाठव.

खिडक्यांपासून लांब बस. आईच्या पाया पडून जा. परत आल्यावर मला शिव्या देण्यासाठी का होईना, पण लिही.

तुझा
मामा

*

हिजलतला,
१४ ऑक्टोबर

चि. टुकूस बुबूचे आशीर्वाद. वि. वि.

सोहराब जिवंत आहे. हे आधी लिहिते, कारण तू पत्र उघडताना तेवढंच शोधशील. मांडीत लोखंडाचे तुकडे गेले आहेत, ते डॉक्टरने काढले. चालतो, पण लंगडतो.

मी घरी थांबले नाही. पहाटे शाळेच्या फाटकाशी जाऊन बसले. माझ्या आधी तिथे गुलबानू होती. बायकांच्या रांगेत पहिली, पांढऱ्या साडीत. मला वाटलं ही तोंड फिरवील. तिने सरकून जागा दिली. आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या होतो. व्हरांड्याची फरशी तीच आहे, घासूनही डाग राहिला आहे, आणि मत द्यायला त्याच्यावरूनच जावं लागतं. बायका साडी उचलून पाय टाकत होत्या.

उन्हं चढल्यावर खलीलची माणसं आली. ट्रॉलरवरूनच त्यांनी बॉम्ब टाकले. एक रांगेजवळ पडला. पांजूची सून डोळा धरून खाली बसली, बोटांतून रक्त येत होतं. सोहराब दारात आला तेव्हा दुसरा फुटला आणि तो कोसळला. मी ओरडले असेन, मला आठवत नाही. वदूदने घाटाच्या पायऱ्यांवर उभं राहून नाव घेऊन हाका मारल्या. अमक्या, कोयता टाक. तमक्या, माघारी जा. दोघातिघांनी खरंच टाकले. खलीलचा पुतण्या थांबला नाही, तो भाला उगारून पायऱ्या चढला, आणि वदूदने त्याच्या छातीत गोळी घातली. पोरगं पाण्यात पडलं. विशीचंही नसेल. त्याचीही आई बाजारापलीकडेच राहते. मग ट्रॉलर मागे फिरले.

मला वाटलं, आता कोण थांबतंय. पण सोहराबने मांडीला टॉवेल बांधला, खुर्ची दारात ओढून घेतली आणि म्हणाला की पुढे या. रांग पुन्हा लागली. संध्याकाळपर्यंत लागलेली होती. टुकू, लाजेने सांगते, पण त्या वेळी मला तुझा अभिमान वाटला. अशी रांग तुझ्यामुळेच लागली होती, आणि तिच्याखाली डागही तुझ्यामुळेच होता.

मोजणी दिव्याच्या उजेडात झाली. सोहराबने एकेक मतपत्रिका उलगडून दोन्हीकडच्या माणसांना दाखवली. कंदील जिंकला. थोडाथोडका नाही, भरघोस मतांनी जिंकला. एकही मत खोटं नव्हतं. गावाला खलील आवडत नाही, पण नदीने खाल्लेल्या जमिनीच्या बदल्यात नवी जमीन कंदीलवालेच देतील असं गावाला वाटतं, आणि ते तसंच मत देत आलं आहे. माझ्या लेकाने व्हरांड्यात उभं राहून त्यांचं नाव जाहीर केलं आणि त्याखाली सही केली. खलीलच्या माणसांनी फटाके वाजवले. पुतण्याचा मुडदा घरात होता, तरी वाजवले.

काल गुलबानू आली. पायरीवर बसली. पाणी मागून घेतलं. मला वाटलं आता शिव्याशाप देईल, आणि मी ते ऐकायला तयार होते. तिने विचारलं की मोजणी खरी झाली ना. मी म्हटलं, सोहराबने केली. मग ती म्हणाली, "बुबू, आमच्या घरचं मत कायम कंदिलालाच. मोतालेबच्या अब्बांपासून. मोतालेबही तिकडेच शिक्का मारणार होता. काल मीही तिकडेच मारला, माझा हात दुसरीकडे जायलाच शिकला नाही. त्यांनी त्याला नुसतं मोजू द्यायचं होतं ना."

एवढं बोलून माझ्याकडे बघत राहिली. उत्तर हवं होतं तिला.

आता तू ढाक्यात नव्या लोकांच्या हाती राज्य देशील, आणि लोक तुला हार घालतील. घालून घे, नाही म्हणू नकोस, तमाशा होईल. मग घरी जाऊन एक पत्र लिही. मला नको लिहूस. पत्ता: गुलबानू, मोतालेब मास्तरची आई, हिजलतला. तिला वाचता येत नाही. सोहराब वाचून दाखवील.

रोशनाराला आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ अजून आहे, हे मी स्वतःलाच विचारून मग लिहिते आहे.

तुझी
बुबू